विमानाचा माग आणि माणसाचा माग

जे आकाशातून उघड उडते, त्याचा ठावठिकाणा सगळ्यांना कळला तर बिघडले कुठे? विमानांचा माग नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या बाजूने हा प्रश्न विचारला जातो, आणि तो इतका सरळ वाटतो की उत्तर द्यायला उठणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. विषय खासगी विमानाचा असला तर संशय आणखी वाढतो. ज्याच्याकडे विमान आहे त्याला कसला आला खासगीपणा, हवा असेल तर घेईल विकत! माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ज्याला खासगीपणा विकत घेता येतो त्याने तो केव्हाच घेतला आहे. उघड्यावर राहिला आहे तो एका इंजिनाचे, दोन-चार आसनांचे विमान स्वतःच्या नावावर ठेवून स्वतःच उडवणारा हौशी वैमानिक. विमान दिसू नये, असे तो म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. विमानाच्या मागावरून माणसाचा माग निघू नये, एवढाच मुद्दा आहे. आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच असे म्हणणाऱ्यांशी हा वाद आहे.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. आजच्या बहुतेक विमानांतला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपले स्थान, उंची आणि वेग जाहीर करतो. सोबत २४ बिटांचा एक क्रमांक जातो. हा क्रमांक विमानाला नोंदणीबरोबर मिळतो आणि ती नोंदणी असेपर्यंत सहसा तोच राहतो. भारताच्या वाट्याचे क्रमांक ८००००० पासून सुरू होतात. या संदेशाला कुलूप नाही. ते मुद्दामच ठेवलेले नाही, कारण शेजारच्या विमानाला आणि जमिनीवरच्या नियंत्रकाला तो विनासायास ऐकू यावा हाच त्याचा हेतू आहे. ऐकण्यासाठी काही हजार रुपयांचे उपकरण, अँटेना आणि साधा संगणक पुरतो. देवरुखच्या एखाद्या गच्चीवर ते बसवले आणि मध्ये डोंगर नसले, तर ११,००० मीटरवरून मुंबईहून दक्षिणेकडे जाणारे विमान सुमारे ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येईल. १,००० फुटांवरून जाणारे छोटे विमान मात्र ७०-८० किलोमीटरच्या आतच सापडेल, आणि पूर्वेला सह्याद्री उभा असल्यामुळे त्या बाजूला तेवढेही नाही. पण एकाची गच्ची कमी पडली तर दुसऱ्याची असते. जगभरच्या हजारो हौशी लोकांनी आपापल्या गच्च्या जोडल्या, त्यातून हे नकाशे उभे राहिले. कौतुक करावे अशीच ही गोष्ट आहे.

मात्र नकाशावरच्या त्या चिमुकल्या विमानावर बोट टेकवले की जे उघडते, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकावर एक रचलेल्या असतात. पहिली म्हणजे संदेश: अमुक क्रमांकाचे विमान आत्ता इथे आहे. दुसरी म्हणजे नाव: हा क्रमांक कोणाच्या मालकीचा. हे आकाशातून येत नाही, सरकारी नोंदवहीतून येते. तिसरी म्हणजे साठा: हेच विमान गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी, दर शनिवारी कुठे होते. हा साठा ना सुरक्षेसाठी जन्मला ना कायद्यासाठी. तो संकेतस्थळांच्या व्यवसायाचा माल आहे. ‘आकाश सर्वांचे’ हा युक्तिवाद पहिल्या गोष्टीला चपखल बसतो. मग तो हळूच दुसरीवर आणि तिसरीवरही पांघरला जातो, आणि एका खऱ्या विधानाच्या आडून दोन न तपासलेली विधाने पुढे सरकतात.

नाव उघड असणे ही विमानविद्येची जुनी परंपराच आहे, असे यावर सांगितले जाते. परंपरा तपासून पाहावी. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारावर आजची सारी नागरी विमान वाहतूक उभी आहे. त्याचे कलम २० म्हणते की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानावर राष्ट्राची आणि नोंदणीची खूण असावी. आपल्याकडची ‘व्हीटी’ ही अक्षरे त्यातलीच. लगेच पुढचे कलम २१ मालकीविषयी आहे. एखाद्या विमानाची नोंदणी आणि मालकी यांची माहिती सदस्य देशाने दुसऱ्या सदस्य देशाला किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेला, मागितल्यावर द्यावी, असे ते सांगते. वाटेने जाणाऱ्या कोणालाही द्यावी असे त्यात कुठेच नाही. खूण सगळ्यांसाठी, नाव मागणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, अशी ही रचना ऐंशी वर्षांपूर्वीच झालेली होती. पुढे देशोदेशींच्या नोंदवह्या संकेतस्थळांवर चढल्या आणि दोहोंमधला पडदा गेला. कोणी विचार करून तो काढला नाही. कागद जाऊन संगणक आला, त्यात तो गळून पडला.

‘ठावठिकाणा कळला म्हणून काय होते’ हे विचारायला संगमेश्वरइतकी चुकीची जागा दुसरी नसेल. फेब्रुवारी १६८९ मध्ये शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्रीची अवघड वाट उतरून इथे पोहोचला आणि छत्रपती संभाजी महाराज व कवी कलश त्याच्या हाती लागले. खबर कोणी दिली यावर इतिहासकारांचा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो इथे मिटवायचाही नाही. पाहायचे ते एवढेच की त्या खबरीत नेमके मोलाचे काय होते. संगमेश्वर हे काही लपलेले ठिकाण नव्हते. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरचे, कसब्याच्या जुन्या मंदिरांसाठी ओळखले जाणारे ते गाव होते. छत्रपती कोण हेही कोणापासून लपलेले नव्हते. लपलेले होते ते ‘केव्हा’ आणि ‘किती जणांनिशी’. माणूस आणि जागा दोन्ही उघड असतानाही वेळ गुप्त असू शकते, आणि बहुतेकांची सुरक्षितता त्या वेळेवरच टिकून असते. छत्रपतींच्या जागी हौशी वैमानिकाला बसवण्याचा वेडगळपणा मी करत नाही. पण ठावठिकाण्याचे मोल कशात असते, हा हिशेब साडेतीनशे वर्षांत बदललेला नाही. दर शनिवारी सकाळी सातला एक विमान उडते आणि सायंकाळी पाचला परतते, हे साठ्यातून दिसते. मालकाचे नाव नोंदवहीतून मिळते, नावावरून पत्ता. घर कोणत्या दिवशी किती तास रिकामे, हे त्या तिन्हींच्या बेरजेतून निघते. वैमानिक बाई असेल आणि कोणी तिच्या मागावर असेल, तर ती कोणत्या धावपट्टीवर किती वाजता एकटी उतरते, हेही. जुन्या काळी यासाठी खबऱ्या लागत असे, त्याला इनाम द्यावे लागत असे आणि तो फितुरीची जोखीम घेत असे. आता कोणालाच फितूर व्हावे लागत नाही.

मग मोटारीच्या नंबरप्लेटचे काय, असा पुढचा आक्षेप येतो. ती तर चौकाचौकात दिसतेच. दिसते खरी, पण मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वरच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला ती एकदा दिसते, तोच माणूस पेणला, चिपळूणला आणि हातखंब्याला एकाच वेळी उभा नसतो, आणि पाहिलेले सगळे तो दहा वर्षे जपून ठेवत नाही. शिवाय नंबरवरून नाव काढण्याचा प्रश्न आपल्या देशात एकदा येऊन गेला आहे, आणि त्याचा निकाल विमानांच्या बाबतीतही विसरता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहने आणि परवाने यांची माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण २०१९ मध्ये आणले. गैरवापराच्या आणि खासगीपणाच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये तेच धोरण मागे घेण्यात आले. या माहितीतून १११ कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला होता, असे मंत्री नितीन गडकरी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत सांगितले. पैसे मिळत असतानाही सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले, कारण नंबर उघड असणे आणि नाव उघड असणे यांतला फरक त्यालाही नाकारता आला नाही. स्कूटरवाल्याला जो न्याय लागला, तो विमान उडवतो म्हणून एखाद्याला का नाकारायचा?

सगळ्यांत वजनदार आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे, आणि त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. बलाढ्य लोक कुठे, कशासाठी, किती इंधन जाळत फिरतात हे लोकांना कळायला हवे. इलॉन मस्क यांच्या विमानाचा माग जाहीर करणारा जॅक स्वीनी हा कॉलेजातला मुलगा होता. खाते बंद करण्यासाठी मस्क यांनी त्याला ५,००० डॉलर देऊ केले, त्याने ५०,००० मागितले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरचे मालक झालेल्या मस्क यांनी ते खाते स्वतःच बंद करून टाकले. त्या भांडणात माझी सहानुभूती मुलाकडे जाते, हे कबूल करतो. २ ऑगस्ट २०२२ रोजी नॅन्सी पेलोसी यांचे विमान तैवानला उतरेपर्यंत सुमारे २९ लाख लोकांनी त्याचा प्रवास नकाशावर कधी ना कधी पाहिला. ती सार्वजनिक घटनाच होती. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सचे अब्जाधीश बर्नार आर्नो यांनी रेडिओवर जे सांगितले ते या आक्षेपाचा पायाच हलवणारे आहे. लोक माग काढतात म्हणून उद्योगसमूहाचे विमान विकून टाकले, आता विमान भाड्याने घेतो, त्यामुळे मी कुठे जातो ते कोणाला दिसत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एका वाक्यात सुटका! भाड्याचे विमान, कंपनीचे विमान, कंपनीच्या कंपनीचे विमान, या पायऱ्या बड्यांना मोकळ्या आहेत. स्वतःच्या बचतीतून जुने सेस्ना घेऊन ते स्वतःच्या नावावर नोंदवणाऱ्याला त्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

महाराष्ट्राने तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला आणि तिथून गोव्याला खास विमानांनी गेले, तेव्हा राज्याला पडलेला प्रश्न विमान आत्ता कुठे आहे हा नव्हता. आत कोण आहे आणि भाडे कोण भरते आहे, हा होता. आणि विमानाचा माग दाखवणारा कोणताही नकाशा या दोहोंपैकी एकाचेही उत्तर देत नाही. त्याच्या आदल्या वर्षी ११ फेब्रुवारी २०२१ रोजी तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी सरकारी विमानात जाऊन बसले, परवानगी आलेली नव्हती, खाली उतरून त्यांना प्रवासी विमानाने डेहराडूनला जावे लागले. त्या प्रकरणातले सत्य फायलीत होते, आकाशात नव्हते. सत्तेचा हिशेब बिलांतून, प्रवासी याद्यांतून आणि टिपणींतून लागतो, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा कायदा आहे. होता, असे म्हणायची वेळ येऊ नये. कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर नाहक आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक जनहिताची अट त्याच कलमात होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण त्या कलमाला पुरते. जनहिताची वाट कलम ८(२) मधून उरली आहे, पण ती अर्जदाराने शोधत जायची. आणि याच २०२३ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की कायद्याने सक्ती असल्यामुळे कोणी जाहीर केलेली माहिती या संरक्षणाच्या बाहेर राहील. म्हणजे एखाद्या नोंदवहीतली नावे जाहीर करण्याची सक्ती नियमाने केली, की त्या नावांवरचे कवच गेलेच. अधिकाऱ्याला खासगीपणाची ढाल आणि नागरिकाला उघडे मैदान! ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो या उलट्या रचनेसाठी नव्हे. उत्तरदायित्वाची ज्यांना खरी काळजी आहे, त्यांनी लढायचे ते कलम ८(१)(जे) साठी. त्याऐवजी हौशी वैमानिकाचा नकाशा जपत बसणे म्हणजे दरवाजा सोडून खिडकीवर पहारा देणे आहे.

सुरक्षेचा आक्षेप लवकर संपतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले, तेव्हा शेवटचा संदेश ६२५ फुटांवरून आल्याची माहिती पहिल्या काही तासांत लोकांपर्यंत पोहोचली ती अशाच एका संकेतस्थळामुळे. उपयोग निर्विवाद आहे. पण त्यासाठी विमानाचा क्रमांक आणि त्याचा संदेश पुरला; कोणाच्या घरचा पत्ता लागला नाही. उलट सुरक्षेसाठी दिलेला संदेश भलत्याच कामाला जुंपला जातो, हा सुरक्षेलाच धोका आहे. अमेरिकेत काही विमानतळांनी याच संदेशांवरून छोट्या वैमानिकांना उतरण्याच्या शुल्काची बिले पाठवायला सुरुवात केली. तिथल्या वैमानिक संघटनेने त्याला विरोध केला, आणि २०२५ मध्ये तो वापर रोखण्यासाठी विधेयकही काँग्रेसपुढे मांडले गेले. ट्रान्सपॉन्डर चालू ठेवला की बिल येते हे कळलेला माणूस तो चालू ठेवायला कितीसा उत्सुक राहील?

कोकणाला तर हा भेद शिकवायला नको. पालघरला ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराच्या पायाभरणीबरोबर पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. १ लाख नौका, खर्च सुमारे ३६० कोटी. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर मासेमारी बोट पळवून तिच्यातून आले होते, हे आठवले की समुद्रावरच्या प्रत्येक नौकेचा ठावठिकाणा सरकारला का हवा हे निराळे सांगावे लागत नाही. वादळात सापडलेल्या तांडेलालाही तो सरकारला कळलेला हवाच असतो. पण मिरकरवाड्याच्या नौकेला मासळी कुठे लागली, हे जयगडच्या प्रत्येक मोबाइलवर उमटावे, असे कोणी म्हणेल का? जाळे कुठे टाकायचे हे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल. वाचवणाऱ्याला दिसावे, चढाओढ करणाऱ्याला दिसू नये, हे तत्त्व समुद्रावर सगळ्यांना पटते. तेच तत्त्व दोन-चार हजार फूट वर नेले की त्याला श्रीमंतांचे चोचले म्हणतात.

हौशी वैमानिक आपल्याकडे मूठभर आहेत, हे खरे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबपासून बारामती, धुळे, शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थांपर्यंत सगळीकडची शिकणारी मुले मोजली, तरी त्यांतली बहुतेक पुढे विमान कंपन्यांकडे जाणारी. पण हक्काचे मोजमाप डोकी मोजून होत नाही, आणि ही संख्या आहे तेवढीच राहणारही नाही. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले आहे. हापूसच्या उंच कलमांवर फवारणी करायला संगमेश्वर तालुक्यात उद्या जी बाई ड्रोन उडवील तीही वैमानिकच. ड्रोन नियम २०२१ मधल्या नियम १२ मध्ये ड्रोनचे स्थान क्षणोक्षणी कळवणाऱ्या यंत्रणेची तरतूद आहे. अमेरिकेत अशी यंत्रणा लागू आहे, आणि ती ड्रोनच्या स्थानाबरोबर उडवणारी व्यक्ती कुठे उभी आहे तेही जाहीर करते. म्हणजे निर्जन बागेत एकटी उभी असलेली बाई. मात्र तिथल्या नियामकाने एक गोष्ट शहाणपणाने केली: हवेत जातो तो फक्त क्रमांक, आणि त्या क्रमांकामागचे नाव नियामकापुरते व पोलिसांसारख्या यंत्रणांपुरते राहते. गंमत अशी की हाच नियामक माणसे बसतात त्या विमानांच्या मालकांची नावे-पत्ते मात्र वर्षानुवर्षे संकेतस्थळावर मांडून बसला होता. २०२४ च्या कायद्यानंतर, मार्च २०२५ पासून, ती झाकण्याची विनंती करण्याची सोय त्याने दिली. खेळण्याएवढ्या ड्रोनला जे सुरुवातीलाच मिळाले, ते विमानाला मिळायला इतका काळ लागला.

झाकून उपयोग काय, जाणकार शोधतातच, हा शेवटचा आक्षेप. मस्क यांच्या विमानाने तात्पुरता क्रमांक घेण्याची अमेरिकी सोय वापरली होती, तरी स्वीनीने ते ओळखलेच. काही संकेतस्थळे झाकायच्या विमानांच्या सरकारी यादीतली विमाने नकाशावरून वगळतात, काही वगळत नाहीत. मान्य. ज्याच्या मागे हजारो डोळे लागले आहेत त्याला कोणतीही सोय वाचवणार नाही, आणि त्याला वाचवण्यासाठी मी हे लिहीतही नाही. ज्याच्या मागे एकच माणूस आहे, रागावलेला शेजारी, सोडून दिलेला नवरा किंवा भुरटा चोर, त्याला एक साधी कडीसुद्धा पुष्कळ वाचवते. हवेतला संदेश बंद करणे सरकारच्या हाती नाही आणि नसावे. नोंदवही मात्र सर्वस्वी सरकारच्याच हाती आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्यक्तीच्या नावावरच्या विमानांपुरते नाव जाहीर यादीतून काढावे आणि पोलीस, न्यायालय, विमा कंपनी, कर्ज देणारी बँक किंवा अपघातात नुकसान झालेला शेतकरी यांना कारण नोंदवून ते द्यावे. कंपन्यांची, भाड्याने विमाने चालवणाऱ्यांची आणि सरकारी विमानांची नावे आहेत तशी उघड राहावीत, उलट त्यांत खऱ्या लाभधारकाचे नावही यावे. ड्रोनच्या बाबतीत तर आधी उघडून मग झाकण्याचीही गरज नाही. नियम १२ ची यंत्रणा कधी सक्तीची करायची हे केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहे, आणि पालनासाठी किमान सहा महिने द्यायचे आहेत. ड्रोन उडवणाऱ्या बाईचे नाव कोणत्या रकान्यात राहील आणि तो रकाना कोण उघडील, हे त्याच अधिसूचनेत लिहिता येते.